शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेली ॲनाफिलॅक्सिस आणि तिच्या कारणाचा शोध

भूल दिल्यानंतर एखाद्या औषधाची तीव्र, जीवघेणी ॲलर्जी (ॲनाफिलॅक्सिस) उद्भवली आणि माणूस त्यातून वाचला, की घरच्यांना संकट टळले असे वाटते. ते अर्धेच टळलेले असते. त्या तासाभरात शरीरात आठ-दहा वेगवेगळे पदार्थ गेलेले असतात आणि त्यांपैकी नेमका कोणता घातक ठरला हे कळेपर्यंत पुढची प्रत्येक शस्त्रक्रिया, दातांवरचा साधा उपचारसुद्धा, अंदाजाने करावा लागतो. गेल्या वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात मी या अनिश्चिततेतून गेले. त्या महिन्यांत मला ज्या माहितीची गरज होती ती एके ठिकाणी, सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मिळाली नाही, म्हणून घडले त्या क्रमाने येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. येथील वैद्यकीय तपशील मला माझ्या भूलतज्ज्ञांनी आणि ॲलर्जीतज्ज्ञांनी समजावून सांगितलेले आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या बाबतीतला निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा आहे.

गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठींमुळे मला दीर्घकाळ अतिरक्तस्राव होत होता, हिमोग्लोबिन सतत खाली जात होते आणि शेवटी दुर्बिणीतून गर्भाशय काढून टाकण्याचे ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात भूलपूर्व तपासणी झाली. 'कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?' हा नेहमीचा प्रश्न विचारला गेला आणि मला माहीत असलेली एकही ॲलर्जी नसल्यामुळे मी तसे सांगितले. या प्रश्नाला बहुतेक माणसे गोळ्या आणि इंजेक्शने डोळ्यांसमोर ठेवूनच उत्तर देतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या कोणालाही मी आता सुचवेन, की याआधी औषधी पाण्याने चूळ भरल्यावर ओठांना किंवा जिभेला खाज सुटली होती का, सलाईनसाठी कातडी पुसलेल्या जागी किंवा पट्टीखाली गांधी उठल्या होत्या का, रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ओठ सुजले होते का, आणि आधीच्या एखाद्या भुलीनंतर रक्तदाब अकारण घसरल्याचे कोणी बोलले होते का, हे आठवून एका कागदावर लिहून न्यावे. यातले काही क्षुल्लक वाटले तरी भूलतज्ज्ञांना ते क्षुल्लक नसते.

शस्त्रक्रिया जूनच्या मध्यावर सकाळी होती. हाताला सुई लावली, तोंडावर मुखवटा आला आणि त्यापुढचे मला काहीही आठवत नाही. पुढे जे घडले ते मी भुलीच्या तक्त्यावरून नंतर समजून घेतले. बेशुद्ध करणारे प्रोपोफॉल, वेदनाशामक फेंटॅनिल आणि स्नायू शिथिल करणारे रोक्युरोनियम ही औषधे देऊन श्वासनलिकेत नळी घातली गेली. त्याच सुमारास जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक दिले गेले. पोटाची कातडी जंतुनाशकाने पुसली आणि जेल लावून लघवीची नळी घातली. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, पहिला छेद घेण्यापूर्वीच, वरचा रक्तदाब ५५ पर्यंत घसरला, नाडी वेगाने वाढली आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एकदम खाली आले. अंगावर पुरळ नव्हते. ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणे असे आपण धरून चालतो. परंतु भुलीखालील ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब कोसळणे हेच अनेकदा पहिले लक्षण असते, आणि कातडीकडे जाणारा रक्तपुरवठाच आटल्यामुळे लाली किंवा गांधी पुष्कळदा रक्तदाब सावरल्यानंतर दिसू लागतात. माझ्याही बाबतीत तसेच झाले. शिवाय रुग्ण कापडांनी झाकलेला आणि बेशुद्ध असतो, त्याला 'खाज सुटते आहे' किंवा 'छाती दाटते आहे' असे सांगता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त यंत्रांवरील आकड्यांवर आणि ते वाचणाऱ्या माणसावर असते.

माझ्या भूलतज्ज्ञ बाईंनी ते आकडे वेळेत वाचले. शिरेतून ॲड्रेनॅलिनचे छोटे छोटे डोस, पाय वर उचलणे, भराभर सलाईन आणि मदतीसाठी दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलावणे हे सर्व काही मिनिटांत झाल्याचे तक्त्यात दिसते. ॲनाफिलॅक्सिसवरचे पहिले औषध ॲड्रेनॅलिन हेच आहे, अँटिहिस्टामिन (ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांतले औषध) किंवा स्टेरॉइड नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. रक्तदाब थोडा सावरल्यावर शस्त्रक्रिया रद्द करण्यात आली, आणि ॲड्रेनॅलिन संथ गतीने चालू ठेवता यावे म्हणून मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन नावाची नळी घालण्यात आली. ती घातल्यावर काही मिनिटांतच रक्तदाब पुन्हा कोसळला. त्या वेळी हा पहिल्याच प्रतिक्रियेचा दुसरा झटका समजला गेला आणि उपचार वाढवून तो आटोक्यात आणला गेला. ही दुसरी घसरण लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

मी संध्याकाळी अतिदक्षता विभागात जागी झाले तेव्हा तोंडात नळी होती आणि बोलता येत नव्हते. शस्त्रक्रिया पार पडली असे मी गृहीत धरले होते. नळी काढल्यानंतर पतींनी सांगितले, की ऑपरेशन झालेच नाही. जिवावरचे टळले याचा आनंद त्या क्षणी मला झाला नाही. इतके सोसून गाठी जागच्या जागी आहेत, रक्तस्राव चालूच राहणार आहे आणि हे सगळे पुन्हा करायचे आहे, एवढेच मनात आले आणि फार रडू आले. अशा प्रसंगातून गेलेल्या माणसाला 'वाचलीस ना, मग झाले' असे म्हणण्याआधी नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

त्या धावपळीतही भूलतज्ज्ञ बाईंनी एक काम चुकवले नाही, आणि पुढचा सारा शोध त्यावर उभा राहिला. ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत शरीरातील मास्ट पेशी उद्दीपित होऊन हिस्टामिनबरोबर ट्रिप्टेज नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते सुरुवातीच्या एक-दोन तासांत सर्वाधिक असते आणि मग झपाट्याने ओसरते, म्हणून रक्ताचा पहिला नमुना उपचार सुरू होताच शक्य तितक्या लवकर, दुसरा एक ते दोन तासांनी आणि तिसरा किमान २४ तास उलटल्यावर घ्यायचा असतो. तिसरा नमुना त्या व्यक्तीची नेहमीची पातळी सांगतो. माझ्या पहिल्या दोन नमुन्यांतील सर्वाधिक पातळी ९.६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आली आणि तिसऱ्याची ३.५. प्रयोगशाळेच्या कागदावर ११.४ पर्यंतची पातळी सर्वसाधारण म्हणून छापलेली होती, त्यामुळे तिन्ही अहवालांपुढे 'सामान्य' असा शेरा होता, आणि घरी आल्यावर ज्या डॉक्टरांना ते दाखवले त्यांनीही ॲलर्जीची शक्यता कमी असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात हे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. नेहमीच्या पातळीला १.२ ने गुणून त्यात २ मिळवले असता येणाऱ्या आकड्यापेक्षा प्रतिक्रियेच्या वेळची पातळी जास्त असेल, तर मास्ट पेशी उद्दीपित झाल्या होत्या असे मानतात. माझ्या बाबतीत तो आकडा ६.२ येतो आणि ९.६ त्याच्या बराच वर आहे. एकट्या 'सामान्य' शेऱ्यावर कोणी प्रकरण बंद करू नये, आणि तिसरा नमुना घेतलाच गेला नसेल तर तो नंतरही देता येतो, हे आवर्जून लक्षात ठेवावे.

घरी सोडताना भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून दिले. काय घडले, कोणते पदार्थ दिले गेले होते, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांपैकी काहीही देऊ नये, असा त्यातला मजकूर होता. विशेष म्हणजे त्या यादीत औषधांखेरीज कातडी पुसण्याचे जंतुनाशक, लघवीच्या नळीचे जेल आणि लेटेक्स (हातमोज्यांतले रबर) यांचाही उल्लेख होता. हे पत्र मी पर्समध्ये ठेवले आणि त्याचा फोटो पतींच्या व बहिणीच्या फोनमध्ये ठेवला.

मात्र तपासणीसाठी पत्र पुरेसे नव्हते. ॲलर्जीच्या विभागाने वेळ देण्यापूर्वी मूळ कागद मागवले आणि येथून कार्यालयीन प्रवास सुरू झाला. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि नकलांचे शुल्क भरल्यावर बऱ्याच दिवसांनी जो लिफाफा मिळाला, त्यात केवळ डिस्चार्ज कार्ड होते आणि त्यावर 'भुलीच्या वेळी गुंतागुंत, शस्त्रक्रिया पुढे ढकलली' एवढी एकच ओळ होती. पुन्हा अर्ज करावा लागला, आणि या वेळी हव्या त्या कागदांची नावे एकेक करून लिहिली: वेळांसह भुलीचा संपूर्ण तक्ता, वॉर्डात शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या औषधांची नोंद, ऑपरेशन थिएटरमधील परिचारिकांची नोंद, जिच्यात जंतुनाशक, जेल, हातमोजे, नळ्या आणि पट्ट्या लिहिलेल्या असतात, अतिदक्षता विभागाचे तक्ते, आणि ट्रिप्टेजचे अहवाल, नमुना घेतल्याच्या वेळेसह. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण अहवालावर बहुधा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ छापलेली असते आणि तिचा उपयोग होत नाही. वापरलेल्या नळ्यांच्या पाकिटांवरील स्टिकर अनेकदा फाईलच्या मागच्या पानावर चिकटवून ठेवतात. ती पाने नकला काढताना वगळली जातात, म्हणून तीही स्पष्ट शब्दांत मागावीत. दुसऱ्या खेपेला सारे मिळाले, पण त्यात जुलैचा मोठा भाग गेला.

खर्चाबद्दल थोडेसे लिहिणे आवश्यक आहे. न झालेल्या शस्त्रक्रियेचे थिएटरचे शुल्क, अतिदक्षता विभागातील वास्तव्य, ट्रिप्टेजची तपासणी आणि नकला असा खर्च आधी कोणी गृहीत धरलेला नसतो. माझ्या विमा कंपनीने सुरुवातीला 'शस्त्रक्रिया झालीच नाही' या कारणावरून दावा थांबवला. भूलतज्ज्ञांनी 'भुलीदरम्यान जीवघेणी ॲलर्जिक प्रतिक्रिया, तातडीचे उपचार' असे निदान नमूद केलेला वेगळा दाखला दिल्यावर तो पुढे सरकला. असा दाखला रुग्णालयातून निघण्यापूर्वीच घेतला तर एक हेलपाटा वाचतो.

त्वचाचाचण्या प्रतिक्रियेनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी करतात, कारण त्याआधी मास्ट पेशींमधील साठा रिता झालेला असल्यामुळे चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. फार उशीरही बरा नव्हे, कारण काही पदार्थांविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे (ॲलर्जी घडवून आणणारी द्रव्ये) रक्तातून महिन्यागणिक कमी होत जातात. ॲलर्जीचे प्रत्येक केंद्र भुलीच्या औषधांच्या चाचण्या करत नाही, त्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र काम करणारे केंद्र लागते, आणि अशा ठिकाणी रांग असते. मला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातील वेळ मिळाली.

तोपर्यंतचे आठवडे मला सर्वांत कठीण गेले. डोकेदुखीची गोळी घेतानासुद्धा हात थबकत असे. रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी गोळ्या आणि लोहाची औषधे चालू होती, आणि प्रत्येक नवीन गोळी मी दिवसा, घरात कोणीतरी असतानाच घेत असे. या भीतीबद्दल भूलतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलल्यावर त्यांनी एका अहवालाची माहिती दिली. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स या संस्थेने भुलीच्या वेळच्या ॲनाफिलॅक्सिसची देशव्यापी पाहणी करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. त्यानुसार असा प्रसंग सुमारे १० हजार भुलींमागे एकदा येतो. कारण निश्चित झालेल्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांमध्ये अँटिबायोटिके, ३३ टक्क्यांमध्ये स्नायू शिथिल करणारी औषधे आणि ९ टक्क्यांमध्ये क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कारणीभूत आढळले. त्या आकड्यांनी माझी भीती गेली नाही, पण तिला आकार मिळाला. मला सगळ्याच औषधांपासून धोका नव्हता, कारण बहुधा एकच होते आणि ते शोधता येणार होते.

चाचणीपूर्वी अँटिहिस्टामिन बंद ठेवायचे असते. मला ५ दिवस आधीपासून सांगितले होते. सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही अँटिहिस्टामिन असते, आणि नैराश्यावरील काही औषधांचाही चाचणीवर परिणाम होतो. त्यामुळे आपण घेत असलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी केंद्राला आधी पाठवावी. रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची औषधे मात्र कोणीही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरांनी पहिला बराच वेळ फक्त कागद वाचण्यात आणि मला प्रश्न विचारण्यात घालवला. दात काढल्यानंतर दिलेल्या औषधी पाण्याने चूळ भरल्यावर काय झाले होते, हे त्यांनी विचारले तेव्हा काही वर्षांपूर्वी जिभेला आणि ओठांना खाज सुटून ते पाणी मी बंद केल्याचे मला आठवले. मग त्यांनी भुलीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. शिरेतून दिलेल्या औषधाची ॲलर्जी साधारणतः काही मिनिटांत उसळते. माझा रक्तदाब मात्र ही औषधे दिल्यानंतर बराच वेळ स्थिर होता आणि लघवीची नळी घातल्यानंतर घसरला. जेलमधील पदार्थ अंतस्त्वचेतून हळूहळू शोषला जातो, त्यामुळे असा विलंब त्याच्याशी जुळतो. दुसरी घसरण सेंट्रल लाइन घालताच झाली, जेव्हा भुलीचे कोणतेही नवीन औषध दिलेले नव्हते. फाईलच्या मागच्या पानावरील स्टिकरवरून ती लाइन क्लोरहेक्सिडिनचा लेप असलेली होती हे दिसत होते, आणि जेलच्या नोंदीतही तेच नाव होते. संशय तेथेच पक्का होत आला होता, पण चाचणीशिवाय निष्कर्ष काढायचा नाही असे त्यांनी बजावले आणि दिलेल्या प्रत्येक पदार्थाची चाचणी केली.

चाचणी अशी असते. आधी हाताला सुई लावून ठेवतात आणि रक्तदाबाचे यंत्र जोडतात, कारण क्वचित चाचणीतही प्रतिक्रिया येऊ शकते आणि ती हाताळण्याची सिद्धता हाताशी असावी लागते. मग कोपरापासून मनगटापर्यंतच्या कातडीवर पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेवर एका द्रवाचा थेंब टाकतात आणि त्यातून बारीक टोच देतात. एका ठिकाणी हिस्टामिन असते, जेथे गांधी उठलीच पाहिजे. एका ठिकाणी साधे सलाईन असते, जेथे उठता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी मोजमाप होते आणि सलाईनच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांधी सकारात्मक धरतात. टोचण्याच्या चाचणीत काही उठले नाही तर तेच औषध पुष्कळ पातळ करून कातडीच्या थरात अगदी थोडे भरतात आणि पुन्हा वाट पाहतात. टोच फारशी दुखत नाही. थरातील इंजेक्शन चुरचुरते. क्लोरहेक्सिडिनच्या खुणेवर ७ मिलिमीटरची गांधी आणि भोवती लाली उठली. रोक्युरोनियम, प्रोपोफॉल, फेंटॅनिल, सेफाझोलिन आणि लेटेक्स या सर्व जागा कोऱ्या राहिल्या. रक्तातील क्लोरहेक्सिडिनविरोधी आयजीईसुद्धा सकारात्मक आली, आणि दोन वेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर आल्यामुळे निदान पक्के झाले. सेफाझोलिनबाबत खात्री करण्यासाठी सप्टेंबरमध्ये पुन्हा बोलावून देखरेखीखाली वाढत्या मात्रेने ते औषध देण्यात आले आणि काहीही झाले नाही. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची अशी परीक्षा जाग्या माणसावर घेता येत नाही, त्यामुळे तेथे त्वचाचाचणीवरच भिस्त ठेवावी लागते.

क्लोरहेक्सिडिन १९५४ पासून वापरात आहे आणि शस्त्रक्रियेच्या जागेचा जंतुसंसर्ग कमी करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते वाईट द्रव्य आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. अडचण एवढीच की ते औषध म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दुकानात मिळणाऱ्या क्लोरहेक्सिडिनयुक्त जंतुनाशकांच्या वेष्टनावर गंभीर ॲलर्जीचा इशारा छापण्यास उत्पादकांना सांगितले होते. वेष्टन वाचताना 'क्लोरहेक्सिडिन' या शब्दापुढे ग्लुकोनेट, डायग्लुकोनेट, ॲसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड असे काहीही असले तरी ते टाळायचेच असते. घरात मी चूळ भरण्याचे पाणी, जखमेवरील मलम, ओले रुमाल, हात निर्जंतुक करण्याचा द्रव आणि सौंदर्यप्रसाधने तपासली आणि त्यांपैकी काही काढून टाकली. माझ्या बहिणीला आणि मुलीला आपलीही तपासणी करावी का असा प्रश्न पडला होता. भुलीशी संबंधित काही विकार, उदाहरणार्थ मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या काही औषधांनी शरीराचे तापमान धोकादायक वाढणे), आनुवंशिक असतात आणि तेथे कुटुंबीयांची तपासणी करतात. औषधाच्या अशा ॲलर्जीत लक्षणे नसलेल्या नातेवाइकांची तपासणी करण्याची गरज नसते, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ऑक्टोबरची ठरली. त्याआधी भूलतज्ज्ञ बाई, सर्जन आणि थिएटरच्या मुख्य सिस्टर यांच्याबरोबर एक वेगळी भेट मागून घेतली, आणि अशी भेट प्रत्येकाने मागावी. ॲलर्जीतज्ज्ञांच्या पत्राच्या आधारे त्यांनी एकेक वस्तू तपासली: कातडीसाठी पोव्हिडोन आयोडीन, ज्याचा रासायनिकदृष्ट्या क्लोरहेक्सिडिनशी संबंध नाही, क्लोरहेक्सिडिनविरहित जेल, लेप नसलेल्या नळ्या, सुई लावण्यापूर्वी आणि सलाईनच्या जोडणीचे तोंड पुसण्यासाठी साध्या अल्कोहोलचे बोळे, जंतुनाशक जेल नसलेली पट्टी, कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या द्रवाची निवड, आणि शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात तोंड स्वच्छ करण्यासाठी साधे पाणी. सिस्टरांनी प्रत्येक पाकिटावरील घटक स्वतः वाचले. वॉर्डाचा मुद्दा मी जाणीवपूर्वक काढला होता, कारण थिएटरमध्ये काटेकोरपणा असतो आणि रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती नेहमीचाच बोळा असतो. 'आधी स्टेरॉइड देऊन ठेवले तर?' असे मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याने खरी ॲनाफिलॅक्सिस टळेल यावर मी विसंबणार नाही. तो पदार्थ तुमच्या अंगाला लागू न देणे, हाच उपाय आहे."

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी शांत होते असे म्हणता येणार नाही. थिएटरच्या दाराशी पाय अक्षरशः जड झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत भूल देण्यापूर्वी 'ज्ञात ॲलर्जी आहे का?' हा प्रश्न आहे. तो वाचला गेला तेव्हा मी स्वतः मोठ्याने उत्तर दिले, मनगटावरचा लाल पट्टा दाखवला, आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले ते नाव पाहिले. रोक्युरोनियम आणि सेफाझोलिन ही दोन्ही औषधे पुन्हा दिली गेली, कारण चाचण्यांनी ती निर्दोष ठरवली होती. दुपारी जाग आली तेव्हा बाई शेजारी होत्या आणि त्यांनी, मी विचारण्याआधीच, शस्त्रक्रिया पूर्ण झाल्याचे आणि रक्तदाब सबंध वेळ स्थिर राहिल्याचे सांगितले.

त्यानंतर एक काम उरले होते. मी पहिल्यांदा रुग्णालयात दाखल झाले तेव्हा संगणकावर माझ्या नावापुढे 'भुलीच्या सर्व औषधांची ॲलर्जी' अशी नोंद कोणीतरी केली होती आणि ती तशीच होती. अशी सरसकट नोंद सुरक्षित वाटते, पण तिच्यामुळे तातडीच्या प्रसंगी योग्य औषध नाकारले जाते आणि त्याऐवजी जास्त जोखमीचे दिले जाऊ शकते. ब्रिटनच्या त्याच पाहणीत प्रत्येक वापरामागे सर्वाधिक प्रतिक्रिया टायकोप्लॅनिन या अँटिबायोटिकच्या आढळल्या, आणि ते बऱ्याचदा पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असणाऱ्यांना पर्याय म्हणून दिले जाते. म्हणून मी ॲलर्जीतज्ज्ञांचे पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. पत्रात प्रतिक्रियेची तारीख, तिचे स्वरूप, दोषी पदार्थ, तो कशाकशात दडलेला असतो आणि कोणती औषधे चाचणीअंती सुरक्षित ठरली, या पाचही गोष्टी होत्या. पहिल्या उत्तरात केवळ 'क्लोरहेक्सिडिन' हा शब्द वाढवून जुनी नोंद कायम ठेवलेली होती. दुसऱ्या अर्जात ती ओळ वगळण्याची स्पष्ट मागणी केली आणि दुरुस्त नोंदीची छापील प्रत मागितली. ती प्रत नोव्हेंबरमध्ये मिळाली. आता तिची एक नक्कल कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक दंतवैद्यांकडे आणि एक माझ्या पर्समधील पत्राला जोडलेली आहे.